एकटीचा ढीग

मिरचीच्या सातऱ्यावर बाई एकटी बसत नाही. कळमन्याच्या बाजूला पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये वाळलेल्या लाल मिरचीचे ढीग पडलेले असतात, तोच सातरा. त्यांचे देठ खुडायचं काम बायांचं, आणि ते जोडीनं करायचं असा तिथला रिवाज. दोघींत एक ढीग, दोघींत भरायची एक बोरी, संध्याकाळी काट्यावर वजनही एकच. एक पाणी प्यायला उठली तर दुसरीचा हात चालू राहतो. एकीच्या डोळ्यात मिरचीची धूळ गेली तर तिला स्वतःचा हात लावायची सोय नाही, हात मिरचीचेच. मग दुसरी म्हणते, वर पाह्य, आणि डोळ्यात फुंकर घालते. मालकाच्या कुठल्याही वहीत ही फुंकर लिहिलेली नाही, पण तिच्यावाचून सातऱ्यावर दिवस निघत नाही.

रोशनी गजभिये ही त्या सातऱ्यावर अकरा वर्षं जोडीनं बसली आणि मग एकटी बसली.

ती मूळची सावनेर तालुक्यातली. लग्न होऊन जरीपटका भागाच्या मागच्या वस्तीत आली. नवरा विश्वनाथ ट्रकवर होता. रायपूरच्या खेपा मारता मारता तो एक दिवस रायपूरचाच झाला, आणि त्याबद्दल वस्तीनं जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं. तो असताना दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. पुढं पाळीनं असा काही डूख धरला की चार दिवसांचे सात झाले, आणि त्यातले पहिले तीन दिवस म्हणजे नुसता नळ सोडल्यासारखं. सातऱ्यावरच्या निम्म्या बायांनी पस्तिशी-चाळिशीतच पिशवी काढून घेतलेली. त्या म्हणायच्या, "काढून टाक वं, कटकट जाते." रोशनी हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. पोर नाही, नवरा नाही, आता पिशवीही द्यायची तर आपल्याजवळ राहिलं काय, असं तिला वाटायचं. हे वाटणं वेडं की शहाणं, ते सांगायला घरात दुसरं माणूस नव्हतं.

माणूस होतं ते चार घरं सोडून. इंदूबाई. साठी ओलांडलेल्या, अंगानं काटक, आवाजानं अशा की शेडच्या या टोकाला हसल्या तर त्या टोकाला हमालानं मागे वळून पाहावं. मुलगा धम्मानंद ई-रिक्षा चालवायचा, सून नंदिनी घरी शिवणकाम करायची. रोशनी पहिल्यांदा सातऱ्यावर आली तेव्हा इंदूबाईंनीच तिला आपल्या ढिगाशी बसवलं होतं. देठ कुठल्या बोटांनी धरायचा, तोंडाला फडकं कसं बांधायचं आणि घरी गेल्यावर हात कसे सोडवायचे हे सगळं शिकवलं. "आधी तेल चोळ, मंग बेसन, मंग साबण. नुसत्या साबणानं मिरची जात नाही. लेकुरवाळी पोराले पाजाले घेते तं असंच करते, नाही तं पोरगं बोंबलते," असं सांगून त्या स्वतःच पोट धरून हसल्या होत्या.

अकरा वर्षं हे चाललं. डबा एक, पाण्याची बाटली एक, येण्या-जाण्याचा ऑटो एक. रोशनीच्या त्या दिवसांत ती चारचारदा उठून भिंतीमागे जायची. सातऱ्यावर बायांसाठी संडास म्हणजे ती भिंतच, आणि पाण्यासाठी एक ड्रम. ती येईपर्यंत इंदूबाई दोघींचं खुडायच्या. कधी तिच्या बसायच्या पोत्यावर डाग दिसला तर आपलं पोतं त्यावर टाकायच्या आणि वर म्हणायच्या, "बस गुपचूप, कोणी पाहून नाही राहिलं."

आणि एका सोमवारी, संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील, इंदूबाईंनी आपलं पोतं उचललं आणि फाटकाजवळच्या भिंतीला जाऊन एकट्याच बसल्या. रोशनी मागे गेली.

"मावशी, काहून वं?"

"माह्यानं आता जोडीनं होत नाही," इंदूबाई म्हणाल्या. तिच्याकडे न पाहताच म्हणाल्या.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला तोंड असतं, ते मिटवता येतं. इथं नुसतं एक पोतं उचललं गेलं होतं. बायांनी मात्र कारण शोधायला दुपार होऊ दिली नाही. शोभाताई, जिला कुणी विचारलं नाही तरी उत्तर द्यायची सवय, ती म्हणाली, "म्हातारी किती दिवस दोघींचं खुडंन? हे चारदा उठते, सात दिवस झिजते." रोशनीलाही तेच खरं वाटलं. आपल्या अंगातून जाणाऱ्या रक्तानं आपलं माणूस नेलं, असं तिनं मनाशी धरून ठेवलं. दुसरी कुणी तिच्याबरोबर बसायला आली नाही. तिला एक छोटा ढीग वेगळा पडू लागला. हमाल त्याला एकटीचा ढीग म्हणायचे, त्यांच्या मनात काही नसायचं.

फेब्रुवारीत एका संस्थेची वैदेही नावाची मुलगी वस्तीतल्या समाजमंदिरात आली. शहरातल्या महाल भागातली, पंचविशीची, बोलताना पुस्तकासारखी मराठी. तिनं पिशवीतून मऊ रबरासारखा एक छोटा कप काढला आणि पाळीत तो आत बसवायचा, रक्त त्यात साठतं, आठ-दहा तास काढायची गरज नाही, धुऊन पुन्हा वापरायचा, वर्षानुवर्षं चालतो, असं सांगितलं. बायांमध्ये खिदळणं सुरू झालं. शोभाताई म्हणाली, "येवढा मोठा? आमच्या घरी पाहुण्याले याच्याहून लहान कपात चाय देतो आम्ही." वैदेहीही हसली, आणि त्या हसण्यामुळे चौघीपाचजणींनी कप घेतले. बहुतेकींनी ते ट्रंकेत टाकले. रोशनीच्या कानात मात्र एकच गोष्ट राहिली होती: आठ तास. आठ तास उठावं लागलं नाही तर इंदूबाईंना आपलं खुडावं लागणार नाही. मग त्यांच्याजवळ जोडी मोडायला कारणच उरत नाही.

पाळी आली त्या दिवशी ती सातऱ्यावरून घरी आली, दार लावलं आणि वैदेहीनं दिलेला कागद समोर ठेवला. कागदावर लिहिलं होतं, हात साबणाने स्वच्छ धुवा. तिनं एकदा धुतले, दोनदा धुतले, तिसऱ्यांदाही धुतले. कप उकळून ठेवला होता, तो दुमडला आणि बसवला.

पुढं काय झालं ते मिरची खुडणाऱ्या बाईलाच कळेल. दिवसभराची मिरची बोटांच्या रेषारेषांत बसलेली, आणि ती बोटं कुठं गेली होती! रोशनीनं कप ओढून काढला, घमेल्यात गार पाणी ओतलं, त्यात बसली आणि तोंडात पदराचा बोळा धरून रडली. तेल, बेसन, साबण ही विद्या तिला अकरा वर्षांपासून पाठ होती. पण समोर छापील कागद होता, शिकलेल्या पोरीनं दिलेला, आणि त्यावर तेलाचं नाव नव्हतं. छापलेलं दिसलं की आपल्या हाताला कळतं ते खोटं समजायचं, ही गरिबाची जुनीच खोड. कागद लिहिणाऱ्यानं कधी मिरची खुडली नव्हती, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

आग तासाभरानं कमी झाली. नंतर जे राहिलं ते जास्त वाईट होतं. ही गोष्ट इंदूबाईंना सांगितली असती तर त्या आधी अर्धा तास हसल्या असत्या, भिंतीला धरून हसल्या असत्या, आणि मग घरून वाटीभर दही घेऊन आल्या असत्या. आपल्या फजितीवर हसायलाही जगात कुणी नाही, हे त्या घमेल्यात बसून रोशनीला पहिल्यांदा नीट कळलं. चार घरं पलीकडून इंदूबाईंच्या खोकल्याचा आवाज येत होता. ती उठून गेली नाही.

पुढच्या महिन्यात तिनं तेल लावलं, बेसन लावलं, मग साबण, आणि कप पहाटे कामावर जायच्या आधीच बसवला. तो बसला. ती सातऱ्यावर आठ तास बसली आणि एकदाही उठली नाही. पोतं कोरडं. हे वैदेहीला सांगितलं तेव्हा त्या मुलीनं तोंडावर हात ठेवला, "अगं बाई, मला हे कसं सुचलं नाही," म्हणाली आणि तेल-बेसनाचं सगळं वहीत लिहून घेतलं. कपावर मापाच्या रेघा असतात. दिवसातून किती वेळा भरतो ते रोशनीनं सांगितलं तेव्हा मात्र वैदेहीचा चेहरा बदलला. तिनं रोशनीला सरकारी दवाखान्यात नेलं. अंगात रक्त फार कमी निघालं, पिशवीला गाठी निघाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीण म्हणाली, लगेच काढायची गरज नाही, आधी गोळ्यांनी पाहू. इतकी वर्षं रोशनीनं फक्त 'लई जाते' एवढंच म्हटलं होतं. किती जातं हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

वैदेहीनं मग तिला वस्तीत कप समजावून द्यायचं काम दिलं. चार नवे कप तिच्या फळीवर ठेवले आणि बरंच काही शिकवलं. त्यातलं एक दोनदा सांगितलं: "पाळी जाऊन वर्ष होऊन गेलं आणि नंतर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी त्या बाईला कप द्यायचा नाही. तिला दवाखान्यात न्यायचं. लगेच." रोशनीनं मान हलवली.

मार्च गेला, एप्रिल गेला. शेडचा पत्रा तापून वरून आग आणि खालून मिरची. रोशनी आपल्या एकटीच्या ढिगाशी मुद्दाम अशी बसायची की फाटकाजवळून दिसावी. न उठता बसलेली दिसावी. इंदूबाईंनी पाहिलं नाही. त्या आताशा हसतही नव्हत्या, आणि बायांच्या आधीच निघून जायच्या. सगळं करून झालं तरी माणूस परतत नाही याचं दुःख फार खोल असतं. त्यात स्वतःला दोष द्यायचीही जागा उरत नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी इंदूबाई तिच्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या आणि त्यांनी स्वतःच कडी घातली. रोशनीच्या हातातला तांब्या खाली ठेवायचा राहिला.

"पानी दे," त्या म्हणाल्या. प्यायल्या. मग फळीकडे पाहून म्हणाल्या, "तो कप देतेस का एक?"

"नंदिनीसाठी?"

"मले."

रोशनीला आधी हसूच आलं. "तुले काय करायचा मावशी? तुही पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतीन."

"परत आली," इंदूबाई जमिनीकडे पाहत म्हणाल्या. "या वयात. कोणाले सांगू? सून हासन. बाया म्हणतीन म्हातारीले जवानी चढली. तू म्हणते ना आठ तास कोणाले समजत नाही. दे मले. बसवाचं शिकव. सोमवारपासून तुह्याजवळ येऊन बसीन, पहिल्यासारखी."

तांब्या रोशनीनं खाली ठेवला. "कधीपासून जाते?"

"संकरांतीपासून."

संक्रांत. तिच्या पुढच्याच आठवड्यात पोतं उचललं गेलं होतं. रोशनी त्यांच्यापुढं जाऊन बसली. "म्हणजे मावशी, माह्यामुळं नाही गेली तू?"

"तुह्यामुळं कायले जाईन वं? तुह्याजवळ बसली असती तं तुले वास आला असता. तुले त्यातलं सारं समजते." इंदूबाईंनी कडी नीट लागली आहे का ते पाहिलं. "भिंतीले पाठ लावून बसत होती. मागं डाग पडला तरी भिंतच पाहते."

चार महिने. एकाच शेडमध्ये, पन्नास पावलांवर, दोघी एकच गोष्ट लपवत एकट्या बसल्या होत्या. रोशनीला एकदम हलकं वाटलं. त्याच क्षणी वैदेहीनं दोनदा सांगितलेलं तिला आठवलं. फळी हाताच्या अंतरावर होती. कप द्यायचा, कसा दुमडायचा ते दाखवायचं, आणि सोमवारी शेजारी पोतं पडणार. डबा एक, ऑटो एक. तिला दुसरं काहीच नको होतं. तिचा हात फळीपर्यंत गेला, हे खरं आहे. तिनं पुढं स्वतःला ते कधी नाकारलं नाही.

"कप नाही देत मावशी," ती म्हणाली. "हे पाळी नाही. दवाखान्यात चाल. मी येतो संगं, कोणाले समजणार नाही."

इंदूबाईंचं तोंड दगडासारखं झालं. दवाखाना म्हणजे टेबलावर पाय फाकवून झोपायचं, साठीनंतर, पोरासोरांपुढं, हे त्यांना ठाऊक होतं. "नाही देत तं नको देऊ," त्या उठल्या. कडी काढताना मागे वळून म्हणाल्या, "पण कोणाजवळ तोंड उघडलं तं माह्यं मेलं तोंड पाहशील."

शपथ घातली गेली. आमच्याकडे ही शपथ कुणी सहज मोडत नाही. रोशनीनं तीन दिवस ती पाळली. वैदेहीला नाव न सांगता विचारलं, तेव्हा वैदेही म्हणाली, अशा रक्तामागे कर्करोगही असू शकतो, एकेक आठवडा मोलाचा. रोशनी रोज संध्याकाळी इंदूबाईंच्या दारात गेली, आणि रोज दार लागलं. चौथ्या दिवशी सकाळी धम्मानंद गल्लीत ई-रिक्षाची काच पुसत होता. रोशनी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. पोराला आईबद्दल असं कुणी सांगत नाही. नंदिनीला सांगावं तर सून सासूला कशी नेणार, आणि सासू सुनेचं ऐकणार थोडीच. तिनं डोळे मिटून सांगितलं.

"धम्मानंद, तुह्या आईले रक्त जाते. चार महिने झाले. आज ने तिले."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. त्यानं मान वर केली नाही. "ताई, तुमी..." एवढंच म्हणाला, आणि फडकं खांद्यावर टाकून, "बरं."

मेलं तोंड पाहायचं नव्हतं, म्हणूनच तिनं शपथ मोडली.

कर्करोगच निघाला. डॉक्टर म्हणाले, पावसाळा काढला असता तर हातात काही राहिलं नसतं. ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक सुरू झाले. बातमी चारचौघांत जायची ती गेलीच, सातऱ्यापर्यंतही पोचली. सुरुवातीला कुणीतरी हसलं, मग रोगाचं नाव कळल्यावर गप्प झालं. त्या आठवड्यात शोभाताईच रोशनीच्या घरी आली आणि दाराकडे पाठ करून विचारू लागली, "माह्या मोठ्या बहिणीले बी असंच थोडंथोडं जाते, कोणच्या दवाखान्यात नेलं होतं?" त्यानंतर अशा तिघी आल्या. त्यातल्या कुणीही दिवसाउजेडी सातऱ्यावर रोशनीशी त्याबद्दल बोललं नाही.

रोशनी डबा घेऊन वॉर्डात गेली. इंदूबाईंनी तिला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मग नंदिनीला म्हणाल्या, पण रोशनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "इले सांग, माह्या पोरापुढं माहा पदर ओढला इनं. मी मेली असती तं पदरात मेली असती." नंदिनीनं डबा घेतला. रोशनी जिना उतरून खाली आली आणि बसस्टॉपवर दोन बस जाऊ दिल्या.

तेव्हापासून अबोला. दिवाळी गेली. शोभाताईनं एकदा विचारलं, "एकटी काहून बसतेस? ये माह्या ढिगाशी." रोशनी म्हणाली, "जोडी आहे माही." शोभाताईनं इकडं तिकडं पाहिलं आणि ती आपल्या ढिगाकडे वळली.

डॉक्टरांनी इंदूबाईंना रोज चालायला सांगितलं आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्या विहाराकडे निघतात. आधी नंदिनीचा हात धरून, आता एकट्या. वाट रोशनीच्या दारावरूनच जाते. रोशनी आताशा सातऱ्यावरून पहिला ऑटो पकडून येते आणि दारात उभी राहते. इंदूबाई समोर पाहत येतात, समोर पाहत जातात. वाळल्या आहेत, पण पाय चालतात. रोशनी ते पाय पाहते. तिला राग येत नाही असं नाही. कधीकधी इतका येतो की ओरडून विचारावंसं वाटतं, माह्यं काय चुकलं? पण पाय चालताना दिसले की राग गळतो.

परवा इंदूबाईंना दम लागला. रोशनीच्या घराच्या भिंतीला हात टेकून त्या उभ्या राहिल्या. बसायचं होतं, जागा नव्हती, आणि दारात रोशनी होती. रोशनी एक पाऊल पुढं आली, तशा त्या भिंत सोडून तशाच धापा टाकत चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पाचच्या आधी रोशनीनं घरातलं एकुलतं एक प्लॅस्टिकचं स्टूल दाराबाहेर भिंतीशी ठेवलं. मग आत आली आणि दार लावून घेतलं, कडीसकट, आवाज बाहेर जाईल असं. पावलं आली. थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग स्टूल करकरलं, आणि कुणीतरी बसून श्वास सोडल्याचा आवाज आला.

रोशनी आतून दाराला पाठ लावून खाली बसली. मध्ये एक पत्र्याचं दार होतं. जोडी मोडल्यापासून त्या दोघी इतक्या जवळ बसल्या नव्हत्या.